एकाच अंगानं जळणारं पॅकिंग

माझ्या बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोसायटीच्या इंजनाच्या हेडाचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, चार नट आवळणं. मी नटावर पाना धरून होतो. पान्याच्या दांड्यावर दोन हात लांब पाईप चढवला होता आणि पाईपाच्या टोकावर ती सगळं अंग टाकून होती. अंगानं ती माझ्यापेक्षा थोराड. मी म्हणालो, "बास कर, स्टड तुटंल."

"तुटू द्या," ती म्हणाली. "तुटला तर चार दिस झोप तरी लागंल तुमास्नी."

मग तिथंच, विहिरीतल्या टप्प्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. मिलोची, म्हणजे त्या साली सरकारनं वाटलेल्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आणि ठेचा. मी म्हणालो, मीठ जास्त झालंय. ती म्हणाली, "मीठ हाय तेवढंच हाय. भाकर कमी हाय, म्हणून मीठ लागतंय." एवढंच बोलणं झालं. तिनं फडक्याला हात पुसले, पदर खोचला आणि हेडावरच्या खटक्यापाशी जाऊन उभी राहिली. मी हँडल धरलं.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली, उन्हाळ्यातली. मी चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा जसं बोलतो तसं लिहितो. आमचं गाव उमरग्याच्या अंगाला, मोठ्या सडकेपासून दोन कोस आत. बायामाणसं सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. गावात पाण्याची जागा एकच राहिली होती, ओढ्यातली सोसायटीची विहीर. ती खरी उसासाठी खांदली होती. ऊस वाळून गेला आणि विहीर पिण्यासाठी लावली. तिच्यावरचं इंजन मी चालवायचो. इंजन जुनं, दुसऱ्याकडनं वापरून आलेलं, एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं.

पंपाचं एक असतं. तो खालून पाणी ओढतो ते पंधरा-वीस फुटांपर्यंतच. पाणी त्याच्याखाली गेलं की पंपाला खाली पाण्याजवळ न्यावं लागतं, आणि पंपाबरोबर इंजनही. आम्ही माघात इंजन वरनं खाली सोडलं. विहिरीच्या पोटात खडक फोडून टप्पा केला, खाटेएवढा असेल, आणि त्यावर इंजन बसवलं. तीस पायऱ्या खाली. धुरासाठी पाईप जोडत जोडत वरपर्यंत नेला. तो वर भकभक धूर टाकायचा. ते बघून सगळ्यांना वाटायचं, मला पण वाटायचं, की धूर सगळा वर जातोय, खाली विहीर चांगली आहे.

इंजन चालू करायला दोन माणसं लागायची. एकानं हँडल मारायचं, तोवर दुसऱ्यानं खटका उचलून धरायचा, म्हणजे चाक मोकळं फिरतं. चाकाला जोर आला की खटका सोडायचा. सोसायटीनं माणूस एकच दिला होता, मी. दुसरं माणूस म्हणजे माझी बायको. तिचं नाव कुठंच नव्हतं. पण चाकाचा जोर तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचा. मी "सोड" म्हणायच्या आत ती सोडायची, आणि ते बरोबर असायचं.

इंजन लागलं की मी वर यायचो आणि गावाच्या तोंडाला हौद होता तिथं जाऊन पाणी सोडायचो. गल्लीप्रमाणं पाळ्या होत्या. आम्ही बौद्ध, आमची वस्ती शेवटची. धम्म घेऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, पण पाळी शेवटचीच. हौदाच्या वॉलला, म्हणजे चावीला, माझा हात चालत होता तो इंजनामुळं. तिचा चालला नसता. म्हणून हौदावर मी आणि विहिरीवर ती. हे असं का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सुरुवातीला ती वर कठड्यापाशी बाभळीच्या सावलीला बसायची. विहिरीतलं पाणी संपत आलं की पंप हवा ओढायचा, मग इंजन बंद करायचं हे तिचं काम. ती तीस पायऱ्या उतरून खाली जाईपर्यंत इंजन कोरडंच पळायचं. इंजन गार ठेवायचं पाणी पंपाच्याच पाईपातनं बोटाएवढ्या नळीनं येत होतं. पंप तुटला, म्हणजे त्याचं पाणी तुटून तो नुसती हवा ओढायला लागला, की ते पाणीही बंद. हेड तापून चुलीवरच्या तव्यासारखं व्हायचं. तेवढ्यात झऱ्याचं चार बादल्या पाणी यायचं, पाईपाच्या खालच्या टोकाचा फुटवॉल बुडायचा आणि तापलेल्या हेडात गारढोण पाणी घुसायचं. हे दिवसातनं तीनदा, चारदा. गावाला पाणी पाहिजे होतं आणि शेवटचं खरवडलेलं पाणी आमच्याच वस्तीचं होतं. बंद कर म्हणायला कुणाची जीभ उचलणार?

पहिलं पॅकिंग गेलं तेव्हा मला काही वाटलं नाही. हेड आणि सिलिंडर यांच्या मधे पॅकिंग असतं, शहरातले त्याला गॅसकेट म्हणतात. तांब्याचा पत्रा आणि आत पांढरा पुठ्ठा. ते जळालं की फटीतनं फुस् फुस् आवाज येतो, इंजनाचा जोर जातो. उमरग्याहून नवं आणलं, घातलं. वीस दिवसांत दुसरं गेलं. मग बारा दिवसांत तिसरं. तिथनं मला भ्या बसलं.

ते भ्या कसं होतं ते सांगतो. मी हौदावर उभा असायचो आणि कान विहिरीकडं. इंजनाचा ठोका तिथवर ऐकू यायचा. समोर बाया घागरी लावून भांडत असायच्या, मला त्यांचं काही ऐकू यायचं नाही. ठोका नीट पडतोय का, मधे श्वास सोडतोय का, एवढंच. जेवताना घास थांबायचा. इंजन बंद असायचं तेव्हाही ठोका कानात असायचा. इंजन बसलं तर गाव तहानंल, आणि गाव म्हणंल ह्यानं बसवलं. ह्या लोकांच्या हातात इंजन दिलं म्हणून बसलं, असं म्हणतील. हे कुणी म्हणालं नव्हतं. मलाच ते रोज ऐकू यायचं.

तिसऱ्या पॅकिंगनंतर मीच तिला म्हणालो, "तू वर बसू नको. खालीच बस इंजनापाशी. पंप तुटला की तिथल्या तिथं बंद करता येतंय. हेड तापणार न्हाय."

ती म्हणाली, "आवाजानं कान फुटत्याल की."

"कापूस घाल."

तिनं कापूस घातला आणि खाली बसायला लागली. टप्प्यावर जागा ती किती. एका अंगाला पंप, एका अंगाला चाक. उरलेल्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, हेडापासून दोन हातांवर ती बसायची.

तरी चौथं गेलं.

जळालेली पॅकिंगं मी टाकली नव्हती. घरात खुंटीला अडकवून ठेवली होती. एक दिवस तिनं ती चारी काढली, एकावर एक ठेवली आणि मला हाक मारली.

"अवो, हिकडं बघा. चारी एकाच जागी जळाल्यात."

मी बघितलं. खरं होतं. चारींवर काळा डाग एकाच अंगाला, बोटभर रुंद. टप्प्यावर ती बसायची त्या अंगाला.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय मग? भाकर रोज एकाच जागी करपाय लागली तर मी पीठ बदलंन का? तवा बघंन. तव्याला पोक आला आसंल. तुमी रोज नवं पीठ आणताय."

मला राग आला. बायको मला इंजन शिकवती म्हणून नाही, ती बरोबर बोलती म्हणून. मी पॅकिंग आणायला उमरग्याला गेलो तेव्हा लेथवाल्या मिस्त्रीला तेच सांगितलं, पण माझं डोकं म्हणून सांगितलं. मिस्त्री मुसलमान, म्हातारा, जाड चष्म्याचा. तो हसला.

"मामू, दोन म्हैन्यापास्नं मी हेच म्हंतो की. पॅकिंग विकून माझा फायदा हाय, पण तुमचं काम न्हाय होनार. हेडनं बाक घेतलाय. घेऊन या, फेस मारून देतो. लेथवर घासून सपाट झालं का सोडंल तुमाला."

"किती येळ लागंल?"

"काम दोन घंट्याचं. नंबर दोन दिवसानं लागंल. सगळ्या तालुक्याची इंजनं माझ्या दारात पडलीत, बघा तुमीच."

दोन दिवस. मी सोसायटीच्या चेरमनकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी खाली उभा राहिलो.

"दोन दिस गाव काय पिणार?" चेरमन म्हणाले.

"पोहऱ्यानं शेंदू साहेब. हेड सरळ केलं तर मग कटकट न्हाय."

"तीस पायऱ्या पोहरा कोण वडणार, तू का मी? पाऊस दीड म्हैन्यावर आलाय. तेवढं रेटून ने."

"पुन्ना जाईल साहेब."

"गेलं तर दुसरं पॅकिंग घाल. सोसायटी पॅकिंगाला न्हाय म्हणली का कधी?" मग म्हणाले, "तुला जमत नसंल तर सांग. माणसं हाईत."

मी "जमतंय" म्हणालो आणि आलो. घरी तिनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, पावसानंतर बघू. ती म्हणाली, "तुमी भेला." भ्यालोच होतो.

तेव्हाच तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारी वर यायची ती कपाळ धरून. दोनदा ओकली. वर घंटाभर बसली की दुखणं उतरायचं. दवाखान्यात दाखवलं, त्यांनी ऊन लागलंय म्हणून गोळ्या दिल्या. ती म्हणाली, "वर ऊन हाय, तितं डोकं थांबतंय. खाली सावली हाय, तितं ठणकतंय. ह्ये कसलं ऊन?"

ते ऐकून मला वाफेची आठवण झाली. विहिरीतल्या वाफेनं माणूस मरतं हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं. जुनी विहीर उपसायला उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर वाफ आहे, उतरायचं नाही. कंदील जळत राहिला तर खुशाल उतरायचं. माझ्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच केलं. मीही केलं. इंजन चालू असताना कंदील सोडला, टप्प्यापाशी अर्धा घंटा ठेवला. चांगला जळत होता. वात सुद्धा थरथरली नाही. माझ्या जिवात जीव आला. तरी दुसऱ्या दिवसापासून मी तो कंदील पेटवून तिच्या बाजूला खिळ्याला अडकवून ठेवला.

"ह्यो विझला तर पळत वर ये. इंजन जळू दे, गाव जळू दे, तू वर ये," मी म्हणालो.

"आन् न्हाय विझला तर?"

"तर बस."

ती बसली. मी सांगितलं म्हणून बसली.

पुढं लई वर्षांनी एका डॉक्टरनं मला सांगितलं की इंजनाच्या धुरात जी हवा असते तिला वास नसतो, रंग नसतो, आणि तिच्यात दिवा विझत नाही. माणूस आधी विझतं. मी त्याला म्हणालो, हे कुणी आम्हाला का सांगितलं नाही? त्यानं विचारलं, तुम्ही कुणाला विचारलं होतं का? तेही खरंच.

पाचवं पॅकिंग घातलं तो दिवस मी वर सांगितला. नट आवळले, भाकरी खाल्ली. हँडल मारलं, तिनं खटका सोडला, इंजन लागलं. मी फटीपाशी हात धरून बघितलं, हवा येत नव्हती. तिला खूण केली. तिनं मान हलवली. कानात कापूस होता, बोलून उपयोग नव्हता. मी वर आलो. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पाईपातला धूर वर जाऊन तिथंच लोंबत होता, काही परत विहिरीत उतरत होता. मी बघितलं, आणि हौदाकडं गेलो.

पहिल्या तीन गल्ल्या झाल्या. ठोका बदलला. फुस् आलं. मला कळलं, पाचवंही गेलं. एका दिवसात गेलं. वॉल धरून मी उभा राहिलो आणि मनात हिशेब करायला लागलो, चेरमनला काय सांगू. एवढ्या वेळात मी धावलो असतो तर, हे मी त्यानंतर किती वेळा मोजलं ते सांगत नाही. आमच्या वस्तीच्या बाया घागरी घेऊन पुढं सरकल्या. मी म्हणालो, भरा लवकर, इंजन बसतंय.

मग पंप तुटला. ओझं गेलं की इंजन पळतं, ठोका बारीक होतो. तसा झाला. आता ती बंद करंल म्हणून मी वाट बघितली. इंजन बंद झालं नाही. बारीक ठोका तसाच चालला. एक चिलीम ओढावी एवढा वेळ चालला. एक म्हातारी म्हणाली, "डुलकी लागली काय रं तिला?" मी पळालो.

पायऱ्या उतरताना धुराचा वास आला, पण तो रोजचाच होता. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, हात मांडीवर. डोळे अर्धे उघडे. गाल लाल झाले होते, लग्नात होते तसे. कंदील तिच्या डोक्यापाशी जळत होता. मी इंजन बंद केलं आणि तिला धरून हलवलं, तर मान खांद्यावर पडली. मला ओरडायचं होतं, पण माझेच पाय लाकडासारखे झाले, डोळ्यांपुढं काजवे आले. वरनं माणसं उतरली. दोरीनं आधी तिला वर काढलं, मग मला. बाभळीखाली घालून तोंडावर पाणी मारलं. मी उठलो. ती उठली नाही.

ऊन लागलं असं कागदावर लिहिलं गेलं. मी अंगठा नाही, सही केली, मला सही येते. आंघोळ घालायला पाणी नव्हतं, तर वस्तीतल्या बायांनी त्या दिवशी भरलेल्या घागरीतनं एक एक तांब्या आणून दिला. दिवस मावळायच्या आत माती दिली. लेकरूबाळ नव्हतं आम्हाला. पुढंही झालं नाही, मी दुसरं लग्न केलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चेरमन आले. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच आले. दारात उभे राहिले, आत या म्हणायचं मला सुचलं नाही. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलले, वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, "बाया विहिरीवर गेल्यात. तू आज बस. फक्त इंजनाला काय झालंय तेवढं कुणाला तरी सांग, म्हणजे चालू करतील."

मी उठलो, पाना घेतला आणि विहिरीवर गेलो. चेरमन मागनं आले. कठड्यापाशी बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. खाली उतरताना मला जे भ्या वाटलं ते आधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही. एका पायरीवर बसून घेतलं, मग उरलेल्या उतरलो. तिची जागा बघितली नाही. चार नट सोडले. आवळताना दोघं होतो, सोडताना एकट्यानं सुटले. हेड काढलं, पोत्यात घातलं, दोरी टाकायला सांगितली आणि वर काढलं.

चेरमन म्हणाले, "हे काय करतोस?"

मी म्हणालो, "दोन दिस पोहऱ्यानं शेंदा. आन् हे इंजन पुन्ना खाली चालणार न्हाय. कुणी बसवलं तर मी हेड ओढ्यात फोडीन."

"तू दुखात हाईस, म्हणून ऐकतो," ते म्हणाले.

"ऐका," मी म्हणालो.

पोतं डोक्यावर घेऊन दोन कोस चाललो. सडकेवर एका ट्रकवाल्यानं घेतलं. उमरग्यात लेथवर मिस्त्री कुणाचं तरी काम लावून बसला होता. त्यानं चष्म्यातनं बघितलं. "आनलं का शेवटी," तो म्हणाला. हेड पालथं करून त्यावर पोलादी पट्टी उभी ठेवली आणि विडीच्या बंडलाचा कागद पट्टीखाली सरकवला. तीन अंगांनी कागद अडला. चौथ्या अंगानं आरपार गेला. "बघा," तो म्हणाला, "हितनं सगळा ग्यास भाईर येतोय. ठेवा. परवा घेऊन जावा."

मी म्हणालो, "आत्ता लावा."

"नंबर हाय मामू. लोकं भांडतील माज्याशी."

"माझी बायको गेली काल. ह्याच्यापाशी बसली होती."

ते पहिल्यांदा माझ्या तोंडातनं निघालं. मिस्त्रीनं लेथ थांबवली, लावलेलं काम सोडून खाली ठेवलं आणि माझं हेड चढवलं. पट्टा फिरायला लागला. बिडाच्या लोखंडाचा काळा भुगा माझ्या पायांवर पडत होता. मला बाजूला सरा म्हणाला, मी सरलो नाही. तीन अंगं घासली जात होती, चौथं अजून काळं होतं. सगळं पांढरं होईपर्यंत मी तिथं उभा राहिलो.